जाहीरनाम्यातलं शिक्षणाचं पान: माल बरा, पत्ता चुकीचा

पाचपैकी अडीच स्टार, त्यातला अर्धा छपाईला.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर खाली पहिला प्रश्न येईल की तुम्ही कुठल्या पक्षाचे. कुठल्याच नाही. झेडपीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, म्हणजे सह्या करायला बोलावतात तो माणूस. शाळेचा पट ६४, शिक्षक दोन, पोरगी माझी चौथीत. साध्या मिक्सरचा आपण दोन पानी रिव्ह्यू लिहितो आणि जाहीरनामा पाच वर्षं वापरायचा असतो, परत करता येत नाही, त्याचा कोणीच लिहीत नाही, म्हणून २०२४ च्या लोकसभेचे चार घेतले, भाजप, काँग्रेस, माकप आणि तमिळनाडूचा द्रमुक, शिक्षणाची पानं झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली आणि पिवळा मार्कर घेऊन बसलो. द्रमुकचा आपल्याकडे कोण कशाला वाचेल म्हणाल, पण केंद्र-राज्य भांडणातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तेच, त्यांना सोडून हा विषय होतच नाही.

मुख्य तक्रार आधीच सांगून टाकतो. चारही जाहीरनाम्यांत बऱ्याचशा वचनांपुढे हे लिहिलेलंच नाही की काम कोणाच्या हातातलं आहे. शिक्षण आधी राज्यांच्या यादीत होतं. १९७६ मध्ये आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि ते समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे दिल्ली पण कायदा करू शकते आणि राज्य पण, आणि दोघांचे कायदे एकमेकांना आडवे गेले तर सहसा दिल्लीचा टिकतो. राज्याचा टिकवायचा असेल तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते. एवढी एक ओळ डोक्यात ठेवून मार्कर फिरवला की निम्मी पानं वेगळीच दिसायला लागतात.

द्रमुकपासून सुरू करतो कारण त्यांचं वचन सगळ्यात ठाम आहे. नीट (मेडिकल प्रवेशाची देशभराची एकच परीक्षा) नको, केंद्राचं २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण नको, आणि शिक्षण परत राज्याच्या यादीत द्या ही तर त्यांची जुनीच मागणी. वाचायला एकदम स्वच्छ, गोलमाल काही नाही. पण त्यांनी हे करून पाहिलेलं आहे राव. २०२१ मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेने नीटमधून सूट मागणारं विधेयक मंजूर केलं, राज्यपालांनी परत पाठवलं, २०२२ च्या फेब्रुवारीत पुन्हा मंजूर केलं, मग ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की मंजुरी नाकारली. म्हणजे वचन देणारा प्रामाणिक असला तरी डिलिव्हरी त्याच्या हातात नाही, आणि ही अट पाकिटावर कुठेच छापलेली नाही.

काँग्रेसच्या पानात मला सगळ्यात आवडलेली ओळ म्हणजे सरकारी शाळेत पहिली ते बारावी मोफत आणि सक्तीचं शिक्षण. आताचा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच आहे, सहा ते चौदा वय, त्यामुळे आमच्याकडे आठवीनंतर पोरींचं काय होतं ते मी बघतो, तर ही ओळ मार्करने दोनदा रंगवली. हा केंद्राचा कायदा, दुरुस्ती संसदेतच होणार, म्हणजे इथे तरी पत्ता बरोबर आहे. नीट, सीयूईटी (विद्यापीठ प्रवेशाची केंद्राची परीक्षा) घ्यायची की नाही ते राज्यांनी ठरवावं आणि धोरण राज्यांशी बोलून बदलू असंही आहे. बरं वाटतं वाचायला, फक्त १९७६ ला हा विषय राज्यांच्या एकट्याच्या हातातून काढला तेव्हा दिल्लीत कोण होतं ते आठवून वाचा.

माकपचं म्हणणं, राष्ट्रीय शिक्षण धोरण रद्द करा आणि जीडीपीच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. आता हे ६ टक्के म्हणजे आपल्याकडच्या लग्नपत्रिकेतल्या गणपतीसारखे आहेत, सगळीकडे असतातच. कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितले, १९६८ च्या धोरणात आले, आणि माकपला जे २०२० चं धोरण रद्द करायचंय त्यात पण आहेत. शिक्षणावरच्या सरकारी खर्चातला मोठा वाटा राज्यंच उचलतात हे मात्र ६ टक्केवाल्या ओळीत कोणी लिहीत नाही, मग कोणाच्या खिशातले ६ टक्के ते पण सांगा की.

भाजपच्या पानात धोरणाची अंमलबजावणी, पीएम श्री शाळा (निवडक सरकारी शाळा सुधारायची केंद्राची योजना) आणि 'एक देश एक विद्यार्थी आयडी' म्हणजे अपार नंबर शंभर टक्के पोरांना. चौघांत ह्यांचंच असं आहे की ते दिल्लीत सत्तेत आले आणि वापरून बघता आलं, तर ह्यावर जरा जास्त बोलतो. अपार वाईट नाही, पोराचे मार्क, दाखले एका नंबरवर, शाळा बदलली तरी मागे धावायला नको. पण आमच्याकडे एका पोराचं नाव जनरल रजिस्टरला 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि पुढे बापाचं नाव चिकटलेलं, जन्मतारखेत पण दोन दिवसांचा फरक, झालं, नंबर निघेना. आई म्हणाली, गुरुजी आता आधार बदलायला तालुक्याला जाऊ का कापूस वेचू. सर दोन आठवडे रोज शाळा सुटल्यावर मोबाईल घेऊन हेच करत बसले होते, वर्गावरचे सर बरं का. शंभर टक्के हा आकडा दिल्लीत लिहिला जातो आणि त्यातला शेवटचा पाच टक्के दोन शिक्षकी शाळेच्या व्हरांड्यात निघतो.

पैशाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि चारही पानांत सगळ्यात पातळ. समग्र शिक्षा ही सरकारी शाळांना पैसे देणारी योजना, तिच्यात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असं असतं (ईशान्येला आणि डोंगराळ राज्यांना ९०:१०). त्यातूनच आमच्यासारख्या शाळेला संयुक्त अनुदान येतं, ३१ ते १०० पट असेल तर वर्षाला २५ हजार, त्यात लाइट बिल, खडू, संडासची सफाई, नळाची तोटी सगळं. आता पीएम श्री घ्यायची तर राज्याला केंद्राबरोबर करार करावा लागतो आणि त्यात धोरण राबवायचं कबूल करावं लागतं. तमिळनाडूने सही केली नाही, समग्र शिक्षाचे पैसे अडकले, २,१५० कोटींच्या वर, आणि राज्य २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं. केंद्र म्हणतं करार पाळा, राज्य म्हणतं दोन योजनांची गाठ का मारली. तुम्ही कोणाच्या बाजूचे ते तुमचं तुम्ही ठरवा, मला फक्त त्या तोटीचं दिसतं. केरळात तर अजून मजा, डाव्या आघाडीच्याच सरकारने २०२५ च्या ऑक्टोबरात सही केली, आघाडीतल्या भाकपने डोळे वटारले आणि आठवड्याभरात सगळं थांबवलं.

आणि आपल्या महाराष्ट्राचं काय बोलायचं. १६ एप्रिल २०२५ ला जीआर, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा. १७ जूनला सुधारित जीआर, सक्ती नाही पण 'सर्वसाधारणपणे' हिंदी, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी तर वर्गात किमान २० पोरं पाहिजेत. आमच्या अख्ख्या पहिलीत अकरा आहेत! २९ जूनला दोन्ही जीआर रद्द, कुठली भाषा कितवीपासून ते ठरवायला नरेंद्र जाधव समिती, आणि ५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे एका स्टेजवर. त्रिभाषा सूत्रावरून (शाळेत तीन भाषा शिकवायच्या) भाजप तमिळनाडूत द्रमुकशी भांडत होता, इथे त्याच्याच मुख्यमंत्र्यांना जीआर मागे घ्यावे लागले, आणि उद्धव ठाकरेंना सत्ताधारी विचारत होते की तुमच्या काळात, धोरण राज्यात कसं राबवायचं त्यावरचा, पहिलीपासून हिंदी सुचवणारा माशेलकर समितीचा अहवाल स्वीकारलात त्याचं काय. मी तर आता असं धरतो की शिक्षणात पक्षाची भूमिका विचारायची नाही, तो सध्या कुठल्या खुर्चीत बसलाय ते विचारायचं, दिल्लीत असेल तर एकसारखं सगळं हवं असतं आणि राज्यात विरोधात असेल तर अस्मिता आठवते.

वापरायची पद्धत सांगतो. लोकसभेच्या पानात शिक्षण हक्क कायदा, केंद्राच्या परीक्षा, समग्र शिक्षाचा निधी एवढंच बघा, त्याला मार्कर मारा. शिक्षकभरती, पाठ्यपुस्तकं, कुठली भाषा कितवीपासून हे दिसलं तर सरळ पान उलटा, ते विधानसभेच्या वेळी विचारायचं. आणि छत गळतंय, वर्गखोली पाहिजे, ते झेडपीचं. मागच्या वेळी एक कार्यकर्ता पत्रक द्यायला घरी आला, त्यावर 'प्रत्येक शाळेला डिजिटल वर्ग'. मी म्हटलं दादा, हे लोकसभेचं पत्रक की विधानसभेचं? त्याने उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, काका, आम्हाला वरून छापून आलंय, तुम्ही फक्त फोटो काढू द्या, ग्रुपवर टाकायचाय.