पदवीचं वर्ष विचारणारा रकाना: नोकरी शोधण्याच्या सशुल्क सभासदत्वाचा अनुभव

नोकरीच्या संकेतस्थळावर अर्ज करताना पदवीचं वर्ष सक्तीचं का, या माझ्या तक्रारीवर ग्राहकसेवेचं शेवटचं उत्तर आलं: पदवीचं वर्ष भरणं अनिवार्य आहे, कारण नोकरी देणाऱ्या कंपन्यांना ती माहिती लागते. खाली तक्रार बंद केल्याचा शेरा. म्हणून हा अनुभव लिहितेय. संकेतस्थळाचं नाव देत नाही, कारण हा रकाना एकट्या त्यांच्याकडेच नाही. बायोडेटा टाका, त्याला गुण मिळतील, अलर्ट येतील, प्रोफाइल कोणी पाहिली ते कळेल, पैसे भरलेत तर तुमचा अर्ज वर दिसेल, अशी सगळी ठिकाणं तुम्ही पाहिलेली असणारच. त्यामुळे सुविधांची यादी देत बसत नाही.

माझं वय ४८. काम पुरवठादारांच्या गुणवत्ता तपासणीचं. बरीच वर्षं एकाच कंपनीत होते, मग आमचा विभागच बंद झाला. हातात ठरावीक रक्कम आली आणि पगार थांबला. अशा वेळी सभासदत्वासाठी जाणारा प्रत्येक पैसा त्याच रकमेतून जातो, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा. ज्याची नोकरी चालू आहे आणि जो सहज बाजार चाचपतोय, त्याचा अनुभव वेगळा असेल.

आधी चांगलं सांगते. बायोडेटा तपासणारी सुविधा सुरुवातीला खरंच कामाची ठरली. माझा बायोडेटा दोन स्तंभांत होता, कामाचा तपशील तक्त्यात होता आणि फोन नंबर पानाच्या वरच्या पट्टीत. कंपन्यांकडे येणारे अर्ज आधी एक सॉफ्टवेअर वाचतं आणि नाव, पद, कालावधी, शिक्षण असे तुकडे वेगळे करून आपल्या रकान्यांत भरतं. स्तंभ आणि तक्ते असले की ते गोंधळतं, आणि वरच्या पट्टीतला मजकूर कधीकधी गाळतं. माझं पद एका कंपनीच्या नावापुढे आणि तारखा दुसऱ्याच कंपनीपुढे गेल्या होत्या. एक सरळ स्तंभ केला आणि ते निस्तरलं.

पण यासाठी पैसे भरायची गरज नाही. पीडीएफमधला सगळा मजकूर निवडा आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा. तिथे ओळींची सरमिसळ झाली असेल, तर सॉफ्टवेअरलाही साधारण तसंच दिसणार. हे मला पैसे भरल्यावर कळलं. तुम्ही आधीच करून पाहा.

त्यानंतर गुण वाढवायचा खेळ सुरू होतो. जाहिरातीतले शब्द बायोडेटात आणा, क्रियापदं बदला, गुण वाढले. गुण नव्वदीच्या पुढे गेले, फोन मात्र वाढले नाहीत. हा गुण संकेतस्थळाचा आहे, भरती करणाऱ्या कंपनीचा नाही, एवढं समजलं की पुरे. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका.

आता त्या रकान्याकडे येते.

बायोडेटातून मी पदवीचं वर्ष काढलं होतं. पदवी आहे, विषय आहे, विद्यापीठ आहे, वर्ष नाही. पण अर्ज करताना संकेतस्थळ आपला वेगळा फॉर्म उघडतं आणि त्यात त्या वर्षापुढे लाल तारा. रिकामं ठेवलं तर पुढचं पान उघडत नाही. यादी चालू वर्षापासून सुरू होते आणि आपलं वर्ष येईपर्यंत खाली खाली जात राहावं लागतं. प्रत्येक नव्या कंपनीच्या फॉर्ममध्ये पुन्हा तेच.

"वर्षच तर आहे, भरून टाका," असं मला घरच्यांनीही सांगितलं. ते साधं वर्ष नाही. ते वय आहे, आणि थेट विचारायचं नाही म्हणून वळसा घालून विचारलेलं आहे. डेव्हिड न्यूमार्क, इयान बर्न आणि पॅट्रिक बटन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत ४०,०००हून अधिक काल्पनिक अर्ज पाठवून वयाचा परिणाम तपासला. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्जांतून वय कळावं यासाठी त्यांनी वापरलं शाळा पूर्ण केल्याचं वर्ष! कार्यालयीन कामासाठी अर्ज करणाऱ्या तिशीच्या आसपासच्या स्त्रियांना साधारण १४ टक्के वेळा उलट बोलावणं आलं. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांना साधारण १० टक्के वेळा, आणि पासष्टीच्या आसपासच्यांना ८ टक्क्यांहूनही कमी. संशोधकांनी वय दाखवायला जे साधन निवडलं, तेच माझ्याकडून लाल तारा लावून भरून घेतलं जातं. मग मी चिडू नको तर काय करू?

आणि हा रकाना काढणं अशक्य आहे असंही नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने ऑक्टोबर २०२१पासून पहिल्या अर्जात वय, जन्मतारीख आणि शिक्षण पूर्ण केल्याचं वर्ष विचारायला बंदी घातली. अपवाद ठेवले आहेत, पण नियम तो आहे. कोलोरॅडोने जुलै २०२४पासून तसंच केलं. त्याआधी २०१७ मध्ये इलिनॉय राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकारी, लिसा मॅडिगन यांनी नोकरीच्या अनेक संकेतस्थळांना पत्रं पाठवून विचारलं होतं, की तुमच्या वर्षांच्या याद्या इतक्या आखूड का, की वयाने मोठ्या लोकांना आपलं वर्षच सापडू नये? म्हणजे हा प्रश्न कुणाच्या तरी लक्षात येऊन बराच काळ लोटला आहे. "कंपन्यांना लागते" हे उत्तर मला म्हणूनच मान्य नाही. कंपनीला पदवी आहे की नाही हे कळायला हवं. त्यासाठी हो किंवा नाही एवढं पुरतं. वर्ष नेमणुकीच्या वेळी कागदपत्रं तपासताना बघावं.

ग्राहकसेवेतल्या एकाने मला सुचवलं, की अलीकडे केलेल्या एखाद्या छोट्या अभ्यासक्रमाचं वर्ष तिथे टाका. हे अजिबात करू नका. नंतर प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि खोटी माहिती दिली या एका कारणावरून हातात आलेली नोकरीही जाऊ शकते. ज्याने हा सल्ला दिला त्याचं काही बिघडणार नाही.

काही जणांचं म्हणणं असं, की अनुभवाच्या वर्षांवरून वय कळतंच, मग या रकान्यावर एवढा त्रागा कशाला? फरक क्रमाचा आहे. बायोडेटात मी शेवटच्या बारा-पंधरा वर्षांचं काम ठेवलं. वाचणारा माणूस आधी ते काम वाचतो, मग हिशेब करायचा तर करतो. रकान्यातलं वर्ष हा नुसता आकडा. त्यावर चाळणी लावली की माझं काम कुणी वाचण्याआधीच अर्ज बाजूला पडतो, आणि तो का पडला हे मला कधीच कळत नाही. माझं सगळं भांडण यासाठी आहे.

सध्याच्या पगाराचा रकानाही असाच. नोकरी गेलेल्याने तिथे काय लिहायचं? मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८पासून नोकरी देऊ करण्याआधी जुना पगार विचारता येत नाही. इथे तोही अनिवार्य. त्याबद्दल मी भांडले नाही, सगळा जोर पहिल्यावरच लावला.

आता बदललेल्या मतांबद्दल. मधल्या काळात मी एका गटात लिहिलं होतं, की "प्रोफाइल कोणी पाहिली" ही यातली सर्वांत उपयोगी सुविधा आहे. आज तसं म्हणणार नाही. अर्धी नावं झाकलेली असतात, आणि ज्यांची दिसतात त्यांतले बरेच जण भरती करणारे नसतातच. तेव्हा आशा वाटायची हे खरं. पण त्या आशेपायी दिवसातून अनेकदा तेच पान उघडलं जातं आणि सकाळ निघून जाते. अर्ज वर दाखवण्याच्या सुविधेचाही मला फरक जाणवला नाही. त्याच जाहिराती महिन्यामागून महिना नव्या तारखेने पुन्हा येत होत्या. अशा जागेवर अर्ज वर गेला काय आणि खाली गेला काय.

ज्या गोष्टीने काम झालं ती मी आधी उघडूनही पाहिली नव्हती, आणि ती फुकट सभासदांनाही मिळते. पूर्वी आपल्याबरोबर काम केलेली माणसं आता कुठे आहेत, ते शोधायची सोय. त्यात मला एका पुरवठादाराकडच्या प्रयोगशाळेतल्या बाई सापडल्या. त्यांचा माल मी अनेकदा नाकारला होता, फोनवर आमचे चांगलेच खटके उडाले होते. त्या आता दुसऱ्या उद्योगात होत्या. मी "नोकरी आहे का" असं विचारलं नाही. "तुमच्याकडे येणाऱ्या मालाची तपासणी सध्या कोण बघतं? माझा विभाग बंद झालाय, त्याच कामाच्या शोधात आहे," एवढंच लिहिलं. त्यांचा त्याच दिवशी फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही माल परत पाठवायचात तेव्हा राग यायचा, पण कारण नेहमी बरोबर लिहिलेलं असायचं." जागेची जाहिरात अजून निघाली नव्हती. त्यांनी माझं नाव साहेबांपर्यंत पोचवलं. त्या फोननंतर किती तरी महिन्यांनी मला पुन्हा माझ्या कामाचा अभिमान वाटला.

हा नशिबाचा भाग नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३च्या आपल्या प्रसिद्ध लेखात, बॉस्टनजवळच्या एका गावातल्या नोकरी बदललेल्या लोकांची माहिती दिली. ओळखीतून काम मिळालेल्यांत, ज्या व्यक्तीकडून ते कळलं तिला वरचेवर भेटणारे सुमारे १७ टक्केच होते. अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ टक्के, क्वचित भेटणारे २८ टक्के. कारण सरळ आहे: जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. माझ्या सगळ्या जवळच्या सहकाऱ्यांची नोकरी माझ्याबरोबरच गेली होती, ते काय सांगणार? लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचा निष्कर्षही याच बाजूचा निघाला. त्यात एक दुरुस्ती आहे. अगदीच अनोळखी माणूस नव्हे, तर थोडी ओळख असलेला माणूस सर्वांत उपयोगी ठरतो. ज्याच्याशी कामानिमित्त भांडण झालंय तो त्यात बरोबर बसतो, असं माझं मत.

मुलाखतीत विभाग का बंद झाला हे विचारलंच. त्याचं उत्तर मी घरी वहीत लिहून काढलं होतं, आधी सगळा संताप, मग दोन वाक्यं. सभासदत्वाबरोबर मनोबल वाढवण्याचे व्हिडिओ मिळतात, त्यांपेक्षा ही वही बरी. नोकरी गेलेल्या अभियंत्यांवर स्पेरा, बुर्फाइंड आणि पेनबेकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. ज्यांनी नोकरी जाण्याबद्दलच्या भावना मोकळेपणाने लिहिल्या, त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळालं, आणि तेही जास्त अर्ज न करता. सगळे पुरुष होते आणि गट लहान होता, तरी लिहायला खर्च काही येत नाही.

नेमणूक झाल्यावर रुजू होण्याचा फॉर्म आला. त्यात पदवीचं वर्ष होतं. मी भरलं, कुणी काही बोललं नाही, कारण तोपर्यंत त्यांनी माझं काम ऐकलेलं होतं. पगार आधीपेक्षा कमी आहे. काम मात्र तेच आहे, आणि ते मला आवडतं.

घ्यावं की नाही, असं विचाराल तर: फुकट खातं जरूर उघडा, सशुल्क नको. घ्यायचंच असेल तर एका महिन्याचं घ्या आणि घेतल्या दिवशीच पुढचं नूतनीकरण रद्द करा. माझ्या बाबतीत भरलेला कालावधी संपेपर्यंत सुविधा चालू राहिल्या. रद्द करण्याचं बटण सेटिंगमध्ये खोल असतं, शोधावं लागेल. बायोडेटा परिपूर्ण होईपर्यंत थांबू नका. क्रॉफ्ट, लांग आणि नोटोविडिग्डो यांच्या २०१३च्या अभ्यासात सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज पाठवले होते. नोकरीविना गेलेला काळ वाढत गेला तसं बोलावणं येण्याचं प्रमाण घटत गेलं, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. पहिले आठवडे गुणांच्या मागे घालवणं म्हणूनच महागात पडतं.

तुम्ही अजून नोटीसच्या काळात असाल, तर लॅपटॉप परत करण्याआधी एक काम करा. कंपनीची कुठलीही फाइल घेऊ नका, ते चूक आहे. पण पुरवठादार, ग्राहक, लेखापरीक्षक, दुसऱ्या शाखेतले लोक, ज्यांच्याशी फक्त कार्यालयाच्या ईमेलवर बोलणं व्हायचं, त्यांना स्वतः कळवा की आपण निघतोय आणि त्यांचा वैयक्तिक नंबर मागून घ्या. कार्यालयाचा ईमेल बंद झाला की यांतल्या अनेकांचं आडनावसुद्धा आठवत नाही.