एकच नाव, तीन दुकानं: 'ऋभू'च्या निमित्ताने नामपुस्तिका, ॲप आणि सशुल्क नामसेवांची झडती

मुलाचं नाव हटके हवं, वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं, आणि आजोबांनी अर्थ विचारला तर सांगताही यायला हवा. या मागणीवर पुण्यात तीन प्रकारचा माल मिळतो. अप्पा बळवंत चौकातल्या पातळ नामपुस्तिका, मोबाइलवरची नावांची ॲप, आणि जन्मवेळ घेऊन पाच-दहा नावांची पीडीएफ पाठवणाऱ्या सशुल्क सेवा. तिन्हींना एकच नाव घालून पाहिलं: ऋभू. मुलाचं नाव म्हणून ते क्वचितच कानावर पडतं, त्याला अस्सल इतिहास आहे, आणि पहिलं अक्षर इतकं अडचणीचं आहे की मालाची शिवण कुठे कच्ची आहे ते लगेच दिसतं.

आधी खरी नोंद कशी हवी ते पाहू, म्हणजे तुलना करता येईल.

ऋभु हे ऋग्वेदातले कारागीर. सुधन्व्याचे तीन मुलगे: ऋभु, विभ्वन् आणि वाज. थोरल्याच्या नावावरून तिघांनाही 'ऋभव:' म्हणतात. अश्विनांचा रथ आणि इंद्राचे घोडे त्यांनी घडवले, म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हा तरुण केलं, आणि देवांचा कारागीर त्वष्टा याने केलेल्या एका चमसाचे, म्हणजे सोम पिण्याच्या लाकडी पात्राचे, चार केले. मूळची माणसं, पण हातच्या कसबावर देव झाली आणि सोमयागाच्या तिसऱ्या सवनात, म्हणजे सोम गाळण्याच्या तिसऱ्या फेरीत, वाटेकरी ठरली. चौथ्या मंडलातल्या ३३व्या सूक्तात या चमसावरचा संवादच आहे: थोरला म्हणतो दोन करू, मधला म्हणतो तीन, धाकटा म्हणतो चार. म्हणजे गाजलेल्या कामाची कल्पना धाकट्याची आणि नाव थोरल्याचं. मराठी घरांत यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

व्युत्पत्तीबद्दल यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या जुन्या ग्रंथात, तीन पर्याय दिलेत: पुष्कळ प्रकाशतात ते, ऋताने (सत्याने) प्रकाशतात ते, ऋताने असतात ते. कोशकार मात्र 'रभ्' या धातूकडे बोट दाखवतात. 'आरंभ' शब्दातला हाच धातू, धरणं किंवा हाती घेणं या अर्थाचा. म्हणून विशेषण म्हणून ऋभु म्हणजे कुशल, कसबी, हुन्नरी. अमरकोशात तर 'ऋभव:' हा शब्द सरसकट देवांसाठी येतो. शिवाय पुराणातला ऋभू निराळाच. तो ब्रह्मदेवाचा मुलगा, निदाघाचा गुरू. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात १५ आणि १६ या अध्यायांत त्याची गोष्ट आहे. वर कोण आणि खाली कोण हे समजावण्यासाठी निदाघ त्याच्याच खांद्यावर चढून बसतो, ती. एक ऋभू सुताराच्या जातकुळीचा, दुसरा अद्वैत शिकवणारा. नाव ठेवताना आपल्या डोक्यात कोणता आहे, हे आईबापांना माहीत असावं.

आता माल.

पुस्तिकेत ऋभू शोधायला गेलात तर पहिली अडचण वर्णक्रमाची. ऋ हा स्वर आहे, त्याची जागा ऊ नंतर आणि ए च्या आधी. बऱ्याच पुस्तिका ऋची नावं 'र'मध्ये ढकलतात. त्यामुळे ऋग्वेद, ऋषभ, ऋतुराज कुठे रवींद्रच्या शेजारी सापडतात, तर कुठे सापडतच नाहीत. ऋभू असलाच तर नोंद एवढीच: 'ऋभू – देव'. चूक नाही, पण एका शब्दात कसबही गेलं आणि तिघे भाऊही गेले. शंभर-दीडशेच्या आत मिळणाऱ्या वस्तूकडून याहून जास्त अपेक्षा नाही. नावं सुचण्यासाठी पुस्तिका चाळावी, अर्थासाठी तिच्यावर विसंबू नये. विकत घेण्याआधी दुकानातच उभ्याउभ्या 'ऋ' कुठे आहे ते पाहा. तो स्वरांत असेल तर संपादकाने थोडी तरी मेहनत घेतलीय असं समजायला हरकत नाही.

ॲपचा प्रश्न वेगळा आहे. तिथे अर्थ भरभरून मिळतात आणि आधार कशालाच नसतो. 'रेयांश'चा अर्थ 'किरणाचा अंश' म्हणून बेधडक दिलेला असतो, पण संस्कृत कोशात किरण या अर्थाचा 'रेय' शब्द शोधून दाखवा. नाव गोड आहे, खुशाल ठेवावं, फक्त ते नवं घडवलेलं आहे हे जाणून ठेवावं. ऋभूच्या बाबतीत वेदातला आणि पुराणातला असे दोघे एकाच ओळीत कालवले जातात. शोधाची पेटीही दगा देते: रोमन लिपीत 'आर-आय'ने लिहिलं की एक निकाल, 'आर-यू'ने लिहिलं की दुसरा, आणि दोन्हींना वेगवेगळी नावं समजून वेगवेगळे अर्थ.

सगळ्यात फसवं असतं ते 'लोकप्रियता' दाखवणारं तारांकन. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं, १८८० सालापासूनची. वर्षात किमान ५ मुलांचं असेल तरच नाव तिथे येतं. इंग्लंड-वेल्सची सांख्यिकी कचेरी ३पर्यंत खाली जाते. आपल्याकडे जन्मनोंदणीतून नावांची अशी वारंवारिता कुणी प्रसिद्ध करत नाही. तेव्हा ॲपमधले चार तारे म्हणजे फार तर त्या पानावर पडलेल्या बोटांची मोजदाद. पुण्यात ऋभू किती, हे त्यावरून कळणार नाही. दुर्मीळपणा तपासायचा तर साधा मार्ग बरा: ज्या दोन-तीन शाळा डोक्यात आहेत तिथल्या बालवर्गाची नावं कानावर घ्या.

सशुल्क सेवांत पैसे जातात ते 'आद्याक्षर' आणि 'अंक' या दोन गोष्टींवर. आद्याक्षराचं गणित नक्षत्राच्या प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून देणाऱ्या अवकहडा चक्रावर चालतं, आणि त्यात ऋ ला स्वतंत्र घर नाही. मराठी माणूस ऋ चा उच्चार 'रु' करतो, म्हणून ऋभू स्वातीच्या पहिल्या चरणात. हिंदी वळणाचं सॉफ्टवेअर 'रि' धरतं, म्हणून चित्राच्या चौथ्या चरणात. रास दोन्हीकडे तूळच, नक्षत्र मात्र बदललं. अहवालात हा खुलासा नसेल तर समजावं की चक्र यंत्राने फिरवलंय, माणसाने पाहिलेलं नाही. मुळात ही धावपळ कशासाठी, हेही विचारायला हवं. धर्मसिंधू या धर्मविधींच्या ग्रंथात नावं चार प्रकारची सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. नक्षत्राच्या अक्षरावरून आलेलं नावरस नाव पत्रिकेत राहू द्या, शाळेतलं नाव तुमचं तुम्ही ठरवा. परंपरेतच ही सोय आहे.

'शास्त्रोक्त' असा शिक्का मारून दिलं तर कोणतं शास्त्र ते विचारा. घरच्या संस्कारांचा प्राचीन ग्रंथ असलेलं आश्वलायन गृह्यसूत्र मुलाच्या नावासाठी सांगतं: अक्षरं सम असावीत, दोन किंवा चार; सुरुवात घोष (ग, ज, द, ब यांसारख्या) व्यंजनाने, मध्ये य-र-ल-व या अंतस्थांपैकी एखादं, शेवटी विसर्ग. ऋभु: दोन अक्षरी आहे, विसर्गही आहे, पण सुरुवात स्वराने आणि मध्ये अंतस्थ नाही. म्हणजे निम्मं बसतं. असं प्रामाणिकपणे लिहिणारा अहवाल मिळाला तर पैसे वसूल.

अंकाचं तर विचारूच नका. अंकज्योतिषात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक आकडा असतो, आणि तो पद्धतीगणिक बदलतो. इंग्रजी स्पेलिंग 'आर-यू-बी-एच-यू' केलं तर खाल्डियन पद्धतीने बेरीज २१, म्हणजे ३. पायथागोरियन पद्धतीने २५, म्हणजे ७. 'आर-आय-बी-एच-यू' केलं तर अनुक्रमे १६ म्हणजे ७, आणि ३१ म्हणजे ४. मूल तेच, नाव तेच, निकाल ३, ७, ७ आणि ४. मग अंक जुळवायला एखादा जादा 'एच' किंवा 'यू' घुसडला जातो, आणि तो जादा 'एच' त्या पोराच्या दहावीच्या प्रमाणपत्रापासून पासपोर्टापर्यंत चिकटून राहतो. या भागासाठी एक रुपयाही मोजू नये.

यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचं साधन पुण्यातच तयार झालेलं आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश मराठीत आहे. एकाच नावाच्या निरनिराळ्या व्यक्ती तो वेगवेगळ्या देतो आणि प्रत्येकीचा ग्रंथाधारही सांगतो. शब्दार्थासाठी वामन शिवराम आपट्यांचा १८९०चा संस्कृत कोश; त्याची सुधारित आवृत्ती इंटरनेटवर फुकट शोधता येते, पण अर्थ इंग्रजीत आहेत. चरित्रकोश जुन्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात मिळू शकतो, घरी नेऊ देत नाहीत, तिथेच बसून उतरवून घ्यावा लागतो. दोन्ही पाहायला तासभर पुरे. उणीव एकच: इथे नाव सुचत नाही, आधी सुचलेलं तपासता येतं.

तिन्ही मालांपैकी एकही जे सांगत नाही ते लेखनाचं. संस्कृतात ऋभु ऱ्हस्व, पण मराठीच्या नियमाने गुरू, विष्णू तसा ऋभू दीर्घ. समासात मात्र गुरुकृपासारखा ऱ्हस्व. एक ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. फोनवर नाव सांगून पाहा. पलीकडचा 'ऋषभ?' किंवा 'ऋतू?' म्हणेल, याची तयारी हवी. आणि सदाशिव पेठ असो की सिंहगड रस्ता, चार दिवसांत त्याचा 'ऋभ्या' होणार. हाक मारून बघा, कानाला चालतंय का.

घाई मात्र नको. रुग्णालयात झालेला जन्म रुग्णालयच २१ दिवसांत निबंधकाला कळवतं, आणि तेव्हा नावाचा रकाना कोरा राहिला तरी चालतो. नाव १२ महिन्यांत भरलं तर शुल्क नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. एकदा भरलं की टंकनाची चूक दुरुस्त होते, पण मन बदललं म्हणून नाव बदलणं हे वेगळंच झेंगट. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, म्हणून त्यावरचं स्पेलिंग हेच मूळ. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो. अर्ज भरण्याआधी या क्रमाने पूर्ण नाव दोन्ही लिप्यांत एका कागदावर लिहून न्या.

आधारच्या वेळी खरी मेख असते. केंद्रावर इंग्रजी नाव टाइप केलं की मराठी ओळ यंत्र आपोआप भरतं, आणि 'आर-यू' पाहिलं की ते 'रु' लिहितं, ऋ नाही. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून चालकाने पुढचं बटण दाबण्याआधी पडदा आपल्याकडे वळवून घ्यावा, मराठी ओळ वाचावी, आणि 'रुभू' दिसलं तर तिथेच ऋ टाकून घ्यावा.