डॉजर्स दिसत नसतील तर लॉस एंजेलिसमध्ये केबल कशाला? (5 पैकी 1 तारा)

लॉस एंजेलिसमध्ये राहून डॉजर्स या इथल्या बेसबॉल संघाचे सामने टीव्हीवर न दिसण्याची वर्षं मी काढली आहेत. 2014 मध्ये संघाचं स्वतःचं चॅनल सुरू झालं, पण दरावरून बोलणी फिसकटली आणि आमच्या केबल कंपनीने ते घेतलंच नाही. चित्र स्वच्छ, नेट ठीक, बिल दरमहा वेळेवर. फक्त ज्यासाठी केबल घेतली तेच नाही! फोन केला की एकच उत्तर, "चॅनलवाले जास्त पैसे मागताहेत." असतीलही मागत, पण त्यात प्रेक्षकाने काय करायचं?

मग बेसबॉल लीगचं सामने दाखवणारं ॲप घेऊन पाहिलं. तिथेही तेव्हा घरच्या संघाचे सामने याच शहरात बंद होते. दूर न्यूयॉर्कला राहणारा चाहता बघू शकत होता, मैदानापासून अर्ध्या तासावर राहणारी मी नाही.

मग रेडिओ. डॉजर्सचे समालोचक विन स्कली यांचा आवाज पहिल्या 3 इनिंग्जपुरता (बेसबॉलच्या सामन्यात साधारण 9 असतात) रेडिओवर यायचा, पुढे ते फक्त टीव्हीवर. चौथी इनिंग सुरू झाली की स्वयंपाकघरात एकदम ओकंबोकं वाटायचं. 1950 पासून समालोचन करणारा माणूस, आणि त्याची शेवटची वर्षं निम्म्याहून जास्त शहराला नीट ऐकता आली नाहीत. 2016 मध्ये निवृत्तीआधीचे त्यांचे शेवटचे 6 सामने केटीएलए या मोफत वाहिनीवर दाखवले, तेव्हा मी अँटेना विकत आणला. तो अजून खिडकीत आहे.

2020 च्या एप्रिलमध्ये मोठा करार होऊन बऱ्याच घरांत चॅनल आलं. मी तोवर कनेक्शन तोडलं होतं. नवीन घेताना आधी चॅनलची यादी लेखी मागा.