इंदूरमधली बेड-वॉकर सेवा, चर्च, ट्रस्ट आणि दुकानदार मिळून चालवतात ती : आमचा अनुभव

खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन किती, इम्प्लांट किती, रूम किती याचा हिशोब सगळे करतात, पण डिस्चार्ज झाल्यावर घरी काय काय लागणार हे कोणी आधी सांगत नाही. डोकं वर होणारा बेड, एअर मॅट्रेस, वॉकर, कमोड चेअर, हे सगळं विकत घ्या नाहीतर भाड्याने आणा, आणि भाडंही महिन्याच्या महिन्याला चालू. आमच्या सासूबाईंच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरनेच हे सामान फुकट वापरायला देणाऱ्या या सेवेचं सांगितलं. नाव आणि नंबर मी इथे टाकत नाहीये, सामान मोजकंच आहे आणि डॉक्टरची नाहीतर सिस्टरची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यालाच ते देतात. पण रिव्ह्यू लिहायचाच होता, कारण काम खरंच फार चांगलं आहे आणि दोन-तीन गोष्टी सुधारल्या तर अजून कितीतरी घरांना उपयोग होईल. माझ्याकडून 5 पैकी साडेचार.

आधी हे चालतं कसं ते सांगते. सामान ठेवायची खोली एका चर्चची, मागच्या अंगणातली. रजिस्टर, डिपॉझिट, पावत्या हे सगळं एक ख्रिश्चन ट्रस्ट बघतं. बेड, व्हीलचेअरची दुरुस्ती दवा बाजारातला एक सर्जिकलवाला करतो, ने-आण सियागंजात माल वाहणारा एक टेम्पोवाला करतो, आणि परत आलेल्या चादरी-कव्हरं एक लाँड्रीवाला धुऊन देतो. शिवाय दुसऱ्या दोन-तीन चर्चमधून माणसं येतात, कॅथलिक आहेत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाले आहेत, मल्याळी मंडळी आहेत. एरवी यांच्या प्रार्थनेच्या पद्धती वेगळ्या, पण खोलीत सगळे एकत्र बसून व्हीलचेअरची चाकं पुसत असतात, हे मी स्वतः पाहिलंय.

मला सगळ्यात आवडलं ते हे की प्रत्येकजण आपल्याला जे रोज येतं तेच देतो. दुकानदार नुसता चेक देऊन मागे बॅनर लावून फोटो काढत नाही, तो पाना घेऊन येतो. आम्हाला मिळालेला फाउलर बेड जुना होता, पायथ्याचा हँडल फिरवला की पाठ वर होते तो, पण फिरवताना कुठे अडकत नव्हता, ग्रीस ताजं होतं, साइडच्या रेलिंगची खिटी नवी बसवलेली होती. रामबागेतल्या आमच्या गल्लीत टेम्पो आत येत नाही आणि जिना अरुंद, तर टेम्पोवाल्या भैयाने आणि त्याच्या पोराने बेड खालीच खोलून दोन भाग केले, वर नेऊन परत जोडला आणि स्वतः त्यावर आडवं होऊन हलतो का ते बघितलं. पैसे विचारले तर म्हणाला डिझेलचे चर्चकडून मिळतात, बाकी काही नको.

सर्जिकलवाल्याला मी सरळ विचारलं की तुम्ही स्वतः बेड भाड्याने देता, मग हे फुकट दिल्याने तुमचाच धंदा मारला जात नाही का. तो म्हणाला, 'दीदी, जो किराया दे ही नहीं सकता, वो मेरा ग्राहक था ही कब?' ज्यांना भाडं परवडतं त्यांना ट्रस्टवालेही आधी भाड्याचाच पर्याय सांगतात, आम्हालाही विचारलं होतं, आणि हॉस्पिटलचं बिल बघून मग दिलं. हे मला पटलं, कारण सामान कमी आणि गरजू जास्त असले तर कोणाला आधी हे ठरवावंच लागतं.

पैशाची बाजूही स्वच्छ आहे. डिपॉझिट ऐपतीप्रमाणे, त्याची पावती वेगळी, देणगीची वेगळी, दोन्ही एकत्र करत नाहीत. चर्च असताना ट्रस्ट वेगळं कशाला असं मला वाटलं होतं, तर आमच्या ओळखीच्या सीएने सांगितलं की नुसत्या धार्मिक कामासाठी असलेल्या संस्थेला साधारणपणे 80जी, म्हणजे देणगी देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी मान्यता, मिळत नाही, सगळ्या जातीधर्मांसाठी काम करणारी संस्था लागते आणि तिलाही धार्मिक कामावर उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. म्हणून कायद्याने हिशोब वेगळा ठेवावाच लागतो. देणगी द्यायची असेल तर लक्षात ठेवा, 2000 रुपयांच्या वर कॅश दिली तर टॅक्समध्ये सूट नाही, वस्तू दिली किंवा काम करून दिलं तरी नाही, आणि टॅक्सच्या नवीन रेजीममध्ये असाल तर 80जी विसराच. म्हणजे त्या लाँड्रीवाल्याला, टेम्पोवाल्याला टॅक्समध्ये एक पैसाही सुटत नाही. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचं म्हणाल तर 2013 च्या कंपनी कायद्यात नेटवर्थ 500 कोटी, टर्नओव्हर 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी असेल तरच कंपनीवर 2 टक्क्यांचं बंधन आहे, ही सगळी दुकानं त्याच्या आसपासही नाहीत. मनापासून करतात म्हणूनच चाललंय.

आता जो प्रश्न शेजारच्या काकूंपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी विचारला, धर्माचं काही बोलतात का? नाही. फॉर्मवर धर्माचा, जातीचा रकानाच नाही, आधारची झेरॉक्स, डॉक्टरची चिठ्ठी आणि पत्ता एवढंच. घरी येऊन कोणी पुस्तक ठेवलं नाही की प्रार्थनेला या म्हटलं नाही. रजिस्टर सांभाळणाऱ्या मावशी मूळच्या नगरकडच्या, आमच्या सासूबाईंचं माहेर श्रीरामपूर, तर पहिल्याच दिवशी दोघींचं राहुरी, बेलापूर, ऊसाचे मळे, हुरडा असं जे सुरू झालं ते चहा गार झाला तरी थांबेना. ऑपरेशननंतर सासूबाई इतक्या मोकळेपणाने पहिल्यांदाच बोलल्या. आणि आपल्या लोकांना यात नवल वाटायला नको खरं तर, मिरजेचं मिशन हॉस्पिटल 1894 चं, आपल्याकडचं ख्रिश्चन कॉलेज 1887 चं, किशोर कुमार तिथेच शिकला हे इंदूरकर कौतुकाने सांगतातच की.

सामानापेक्षा मोठी मदत झाली ती मल्याळी चर्चमधून आलेल्या एका रिटायर्ड नर्सबाईंची. सामान पोचल्यावर त्या घरी येऊन गेल्या आणि जे हॉस्पिटलमध्ये घाईघाईत सांगितलं होतं ते हाताला धरून शिकवलं. वॉकरची उंची कशी लावायची, तर पेशंटला सरळ उभं करून हात खाली सोडायचे आणि वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेला आली पाहिजे, आमचा दोन भोकं खाली लावलेला होता म्हणून आई वाकून चालत होत्या. एअर मॅट्रेसच्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि उतरतात, म्हणून एकाच जागी दाब पडत नाही, पण वर जाड गोधडी घातली तर उपयोग संपला, एकच पातळ चादर घालायची. सासूबाईंना गोधडीशिवाय झोप येत नाही, तर ती अंगावर घ्यायला दिली, खाली नाही! पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवायची, दोन तासांनी कूस बदलायची, कुशीवर वळवताना दोन पायांत उशी. चादर आडवी दुमडून पेशंटखाली ठेवली की दोघींना न ओढता सरकवता येतं, हे मला तोपर्यंत कोणीच दाखवलं नव्हतं. आईंना पाठीला एकही जखम झाली नाही, याचं श्रेय मी त्या बाईंनाच देते.

आता अर्धा स्टार का कापला ते. तीन जण मिळून चालवतात तर फोनही तीन ठिकाणी. एअर मॅट्रेसचा पंप रात्री बंद पडला, चर्चमध्ये फोन केला तर म्हणाले ट्रस्टला विचारा, ट्रस्टवाले म्हणाले दुकानात फोन करा, आणि दुकान तर सकाळी उघडणार. पंप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बदलून मिळाला, आणि बदलून देताना त्यांनी काही कटकट केली नाही, पण ती रात्र आम्ही दर दोन तासांनी अलार्म लावून काढली. एक नंबर ठेवा, जो उचलेल त्याने पुढचं बघावं, पेशंटच्या घरच्यांनी नाही. रविवारी सकाळी सगळे उपासनेला असतात तेव्हा खोली बंद असते, ते समजू शकते मी, पण डिस्चार्ज रविवारीही होतात, तर शनिवारी संध्याकाळी एखादा वॉकर आणि कमोड चेअर कुठल्या तरी दुकानात आणून ठेवता येईल की. आणि कुठलं सामान शिल्लक आहे ते वहीतच असतं, साधी एक शीट मोबाइलवर केली तरी लोकांची फेरी वाचेल. मी हे मावशींना सांगितलंय, शीट बनवून द्यायची माझी तयारी आहे असंही म्हटलंय.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं मशीन, आम्हाला लागला नाही, पण तिथे मिनिटाला 5 लिटरवाले ठेवलेले दिसले. प्रत्येकावर फिल्टर कधी धुतला त्याची तारीख चिकटवलेली होती, आणि सर्जिकलवाला मशीन देण्याआधी ऑक्सिजन किती टक्के येतोय ते मीटर लावून बघतो, मशीन चालू आहे एवढ्यावर भागवत नाही. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये, कोरोनाच्या लाटेत, लोकांनी घाबरून घेतलेल्या कितीतरी मशीन आज माळ्यावर पडून आहेत, बंद राहून खराब होतात.

म्हणून तुमच्याकडे वापरून झालेला वॉकर, व्हीलचेअर, कमोड चेअर असं काही पडलेलं असेल तर भंगारात देण्याआधी तुमच्या भागातल्या चर्चमध्ये किंवा हॉस्पिटलच्या सिस्टरकडे चौकशी करा. सध्या यांना हँडलवाले बेड सगळ्यात जास्त कमी पडतायत. वॉकरच्या पायाची रबरी बुचं चारही आहेत ना ते बघा, कॉन्सन्ट्रेटर असेल तर बिल आणि फिल्टर सोबत द्या, आणि बेड असेल तर खोलू नका, टेम्पोवाले भैया येऊन नीट खोलतात, नाहीतर नट हरवतात.