बारोलो की बार्बारेस्को: पहिली बाटली कोणती घ्यावी?

इटलीच्या पिडमाँट प्रांतात आल्बा शहराच्या नैऋत्येला बारोलोचे आणि ईशान्येला बार्बारेस्कोचे द्राक्षमळे आहेत. दोन्ही वाइन केवळ नेब्बिओलो या द्राक्षापासूनच बनत असल्यामुळे निवड करताना जमीन, मुरवण्याचा काळ आणि आपला स्वतःचा धीर यांचाच विचार करावा लागतो.

पेल्यातील फिकट विटकरी-लाल छटा पाहून वाइन हलकी असेल असे वाटते. पण जांभळे खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या आवळून येतात तसा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतील तुरट घटकांचा, तुरटपणा पहिल्याच घोटाला जाणवतो, आणि त्याच्या जोडीला ठसठशीत आम्लता असते. गुलाब, चेरी, ज्येष्ठमध आणि डांबर यांचा गंध दोन्हींत आढळतो.

नियमानुसार बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला हीच मुदत अनुक्रमे 26 आणि 9 महिन्यांची आहे. तानारो नदीच्या सान्निध्यामुळे बार्बारेस्कोकडील द्राक्षे सहसा लवकर पिकतात आणि वाइनही लवकर पिण्याजोगी होते. मात्र बारोलो म्हणजे सरसकट कठोर, हा समज मला पटत नाही. सेर्रालुंगा किंवा मोनफोर्ते या गावांतील बारोलो दहा-पंधरा वर्षे थांबायला लावते, तर ला मोर्राची बारोलो तुलनेने मृदू आणि सुगंधी असते. म्हणून लेबलावरील मोठ्या नावाइतकेच गावाचे नावही वाचावे.

बाटली येत्या काही महिन्यांत उघडायची असेल, तर माझा कौल बार्बारेस्कोला आहे. ती बहुधा स्वस्तही पडते, आणि 1958 मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ या सहकारी संस्थेची वाइन सुरुवातीला उत्तम. थंड, अंधाऱ्या जागी साठवण्याची सोय आणि सवड असेल, तरच सेर्रालुंगाची बारोलो घ्यावी. तरुण बाटली कोणतीही असो, ती तास-दोन तास आधी मोठ्या भांड्यात ओतून ठेवावी आणि 16 ते 18 अंश सेल्सिअस तापमानाला प्यावी. मुंबईच्या उन्हाळ्यात त्यासाठी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी लागेल, नाहीतर अल्कोहोलच नाकात चढतो. मंद आचेवर शिजवलेले मांस किंवा जुने चीज टॅनिनला सौम्य करते. तिखटजाळ रश्श्याबरोबर मात्र तुरटपणा आणि जळजळ दोन्ही वाढतात.

इतका तुरटपणा आपल्याला रुचेल की नाही याचीच शंका असेल, तर आधी त्याच परिसरातील, त्याच द्राक्षाची ‘लांगे नेब्बिओलो’ घ्यावी. ती बरीच कमी किमतीत मिळते आणि बारोलोचे अनेक उत्पादकही ती बनवतात.