जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये आरटीएक्स ३०५० : घ्या, पण ६ जीबीचंच

ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी प्रोडेस्क घ्यायचा, त्यात ग्राफिक्स कार्ड टाकायचं आणि लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग सुरू करायचं, हा मार्ग संभाजीनगरपासून लातूर-नांदेडपर्यंत आता रुळला आहे. या कामासाठी नवं कार्ड घ्यायचं तर आमची शिफारस एकच : एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, ६ जीबी.

याचं कारण पॉवर सप्लाय. ऑप्टिप्लेक्स ७०५० च्या टॉवरमध्ये (उभ्या, मोठ्या कॅबिनेटमध्ये) २४० वॅटचा सप्लाय असतो, बुटक्या एसएफएफमध्ये (छोट्या कॅबिनेटमध्ये) १८० वॅटचा. कार्डासाठी वेगळी पॉवर वायर त्यातून निघत नाही. दुकानातला साधा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, टाकू म्हटलं तर मदरबोर्डाचं सॉकेट नेहमीच्या २४ पिनचं नसतं, कंपनीचं स्वतःचं ६ किंवा ८ पिनचं असतं. कन्व्हर्टर वायर मिळते, पण अनेकदा एसएमपीएसचा आकारच कॅबिनेटमध्ये बसत नाही. म्हणजे मदरबोर्डावरच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं, त्याच्या विजेवरच ते चालायला हवं. स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो आणि हे कार्ड ७० वॅट घेतं.

फसगत होते ती नावात. ८ जीबीचं कार्डही ‘३०५०’ म्हणूनच विकलं जातं. त्याचे २५६० कोर (आकडेमोड करणारे भाग), १२८ बिटची बस (मेमरीपर्यंतचा रस्ता). ६ जीबीचे २३०४ कोर आणि ९६ बिट. ८ जीबीचं वेगवान आहेच, पण ते १३० वॅट खातं आणि त्याला वेगळी पॉवर वायर लागते. काउंटरवरच बॉक्स उघडून कार्डाची वरची कड बघा. तिथे पॉवरचं सॉकेट दिसलं तर ते तुमच्या मशीनचं कार्ड नाही.

स्वस्तातल्या पर्यायांपैकी जीटीएक्स १०५० टीआय आता घेऊ नका. त्याच्या पिढीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं आहे, मात्र त्यात व्हिडिओ एन्कोडरच (तयार व्हिडिओची फाइल बनवणारा भाग) नाही, त्यामुळे एक्स्पोर्टचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेल आर्क ए३८० ला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो या जुन्या मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) नसतो.

एडिटिंगला ३०५० चा खरा फायदा एक्स्पोर्टमध्ये दिसतो. प्रीमियर किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ किंवा एचईव्हीसी हा व्हिडिओचा फॉरमॅट निवडून हार्डवेअर एन्कोडिंग चालू ठेवा. पण एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही : नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचं १० बिट ४:२:२ फुटेज (रंगाची जास्त माहिती साठवणारं) हे कार्ड हार्डवेअरवर डीकोड करत नाही, म्हणजे उलगडत नाही. टाइमलाइन अडखळते आणि दोष कार्डाला दिला जातो. कॅमेऱ्यात एचईव्हीसी ४:२:० निवडा, नाहीतर आधी प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी प्रत) बनवून घ्या. रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाकून १६ करा. तेवढ्यानेही फरक कळतो.

बसवणं अवघड नाही. केबल काढा, पॉवर बटन दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कॅबिनेटच्या मागच्या, स्लॉट झाकणाऱ्या दोन पत्र्याच्या पट्ट्या काढा, कारण बहुतेक मॉडेलं दोन स्लॉटची जागा घेतात. त्याआधी मागच्या पत्र्यापासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत मोजमापाची टेप लावून बघा; दोन पंख्यांचं कार्ड १९-२० सेंटिमीटर भरतं. लॉक ‘टक्’ करून बसेपर्यंत कार्ड सरळ दाबा आणि स्क्रू आवळा. मॉनिटरची केबल आता कार्डाला जोडायची, मदरबोर्डाला नाही. ‘कार्ड डेड आहे’ अशा बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. या कार्डांवर व्हीजीए (जुन्या मॉनिटरचं सॉकेट) नसतो. जुना मॉनिटर असेल तर ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, नुसती पिन बदलणारी वायर चालत नाही. तरीही स्क्रीन काळीच राहिली तर बायोस अपडेट करा आणि त्यात बूट मोड (मशीन सुरू होण्याची पद्धत) यूईएफआय आहे ना, ते तपासा.

एसएफएफवाल्यांसाठी लो प्रोफाइल (कमी उंचीची) मॉडेलं आहेत, एमएसआय आणि गिगाबाइटची. पण तीही दोन स्लॉट जाडीची. काही मशीनमध्ये मोठा स्लॉट सप्लायला चिकटून असतो, तिथे कार्ड शिरतच नाही. काहींच्या स्लॉटची वॅटमर्यादाही ७५ पेक्षा कमी ठेवलेली असते. सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मशीनच अजून घ्यायचं असेल तर टॉवरच घ्या, आणि तोही इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

परभणी-नांदेडच्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते, त्यात या कॅबिनेटांना हवा खेचायला जेमतेम एक पंखा. पुढची जाळी धुळीने बुजली की कार्ड स्वतःचा वेग कमी करतं आणि एक्स्पोर्ट लांबत जातो. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. लाइट गेल्यावर यूपीएस चालू असूनही मशीन बंद पडत असेल तर आधी यूपीएसकडे बघा : स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह ब्रँडेड सप्लायला भर लोडवर झेपत नाही. जीएसटी बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटीत कार्ड कोणत्या शहरात पाठवावं लागेल, कुरिअरचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा.