लॉरेल म्हणजे आपला ऐन! फ्रेटबोर्ड गडद करण्याच्या नादातले नऊ महिने

गेल्या मे महिन्यात तारा बदलताना गिटारचा फ्रेटबोर्ड, म्हणजे तारांखालची बोटं फिरवायची लाकडी पट्टी, पहिल्यांदा नीट बघितला. बाराव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे त्यात बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या) पुढे तो वाळलेल्या मातीसारखा फिकट होता. पहिल्या पाच फ्रेटमध्ये मात्र छान गडद. म्हटलं, वाजवून वाजवून लाकूड मुरलंय. नखाने जरा खरवडलं तर नखात काळा मळ आला. तो रंग लाकडाचा नव्हता, माझा होता.

माझी गिटार मधल्या किमतीची, बोर्ड 'इंडियन लॉरेल'चा. माझ्या डोक्यात मात्र फ्रेटबोर्ड म्हणजे रोझवूड, म्हणजे आजोळच्या शिसवी कपाटाचा रंग. हे लॉरेल मध्येच कुठून आलं याचं कारण सरळ आहे. २ जानेवारी २०१७ पासून सायटीस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात शिसवाच्या झाडून सगळ्या जाती आल्या आणि रोझवूड लावलेली गिटार सीमेपार पाठवायला परवाने लागू लागले. स्क्वायर, एपिफोन अशा ब्रँडच्या बऱ्याच मॉडेलांवर मग लॉरेल दिसू लागलं. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर लॉरेल रुळलं होतं. लाकूड म्हणून त्यात काही खोट नाही. कडक आहे, आवाजात मला तरी फरक कळत नाही. फक्त ते फिकट आहे, आणि मला ते डोळ्यांत खुपत होतं. तर हा सगळा खटाटोप दिसण्यासाठीच, हे आधीच कबूल करते.

आधी सफाई. माझा ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तो भाग, पक्का आहे म्हणून सगळ्या तारा एकदम उतरवल्या. तरंगता (स्प्रिंगवर तोललेला) ब्रिज असेल तर दोन-दोन करून बदला. जुना टूथब्रश, सुती फडकं आणि लायटरमध्ये भरायचं पेट्रोल. फडकं नुसतं ओलसर करायचं, खिडकी उघडी ठेवायची. (आमच्याकडे संध्याकाळी देवापाशी समई असते, म्हणून हे काम सकाळी.) फ्रेटच्या कडेचा मळ बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने निघतो, पण खरवडायचं फ्रेटला समांतर, आडवं नाही. उरलेल्यासाठी चार शून्यांची स्टील वूल. तिचा भुगा पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकाला जो चिकटतो तो जन्मभर निघत नाही, म्हणून पिकअपवर मास्किंग टेप लावाच. पाऊण तास गेला. बोर्ड स्वच्छ झाला आणि आधीपेक्षाही फिकट दिसू लागला!

मग तेल. आई म्हणाली, "खोबरेल लाव की." खोबरेल, ऑलिव्ह वगैरे स्वयंपाकघरातली तेलं लावू नका. ती सुकत नाहीत आणि पुढे खवट वास मारतात. 'लेमन ऑइल' म्हणून गिटारच्या दुकानात जे मिळतं ते बहुतेक वेळा खनिज तेलच असतं, लिंबाचा वास आणि थोडा अर्क घातलेलं. म्हणून मी मेडिकलमधून लिक्विड पॅराफिनची बाटली आणली. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "पोट साफ होत नाही का?" गिटारला लावायचंय म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

अख्ख्या बोर्डला सहा थेंब पुरतात. दहा मिनिटं थांबून फडक्याला काही लागेनासं होईपर्यंत पुसायचं, नाहीतर नव्या तारा आठवड्यात मंद वाजू लागतात. त्या दिवशी बोर्ड इतका सुंदर दिसला की फोटो काढून मित्रमंडळींना पाठवले. तीन आठवड्यांनी होता तिथेच. ओल्या फरशीचा रंग गडद दिसतो तसंच हे. तेल आत मुरलं, थोडं बोटांना लागून गेलं, रंग परत.

इथे एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. 'लाकूड तहानलेलं असतं, वर्षातून दोन-तीनदा तेल पाजा' हा सल्ला बर्फाच्या मुलखातला, जिथे हिवाळाभर घरात हीटर चालतो आणि हवा कोरडी ठक्क होते. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. डोंबिवलीत पावसाळ्यात माझ्या खोलीतला मीटर ८०च्या खाली येत नाही. इथे लाकूड तहानलेलं नसतं, ते गळ्यापर्यंत प्यायलेलं असतं. नागपूर-सोलापूरकडच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसून फ्रेटची टोकं हाताला बोचू लागतात, तिथे तेलाला अर्थ आहे. मुंबईच्या पट्ट्यात घाम पुसणं आणि बुरशी येऊ न देणं हेच खरं काम.

हे कळायच्या आधी मी व्हायची ती चूक केलीच. रंग टिकत नाही म्हणून सुकणारं तेल हवं, म्हणजे जवसाचं. क्रिकेटच्या बॅटला लावतात ते कच्चं. मी आणलं रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड. आणि लावलं कधी, तर जुलैत! वर जाड हात मारला, पुसण्यात आळस केला. चौथ्या दिवशी बोट एका फ्रेटवरून दुसऱ्यावर सरकवताना गुळाच्या पाकातून ओढल्यासारखं वाटत होतं. टर्पेंटाइनने सगळं काढण्यात अख्खा रविवार गेला. रंग मात्र खरोखर गडद झाला होता, हेही सांगायला हवं. ज्यांना करायचंय त्यांनी कोरड्या दिवसांत, अगदी पातळ हात द्यावा. आणि फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

गणपतीला चिपळूणला गेले तेव्हा काकांपुढे हे रडगाणं गायलं. त्यांनी फोनवर लॉरेलचं शास्त्रीय नाव शोधायला लावलं, टर्मिनेलिया, आणि हसत सुटले. "अगं, हा आपला ऐन! डोक्यावर बघ." माडीचे वासे ऐनाचे. सुसरीच्या पाठीसारखी साल असलेलं हे झाड मी लहानपणापासून बघत आलेय आणि गिटारवर ते लॉरेल होऊन आलं तर ओळखू शकले नाही. काका पुढे म्हणाले, "ऐन काय नि हिरडा काय, एकाच घरातले. हिरडा नि हिराकस एकत्र केलं की शाई होते, माहितीये ना?"

म्हणजे हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि हिराकसातलं लोह. लाकूड काळं करायची जुनी युक्ती तीच. काकांकडून ऐनाची वीतभर फळी मागून आणली. घरी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भांड्याची तारेची घासणी दोन दिवस बुडवली. काहीच झालं नाही, कारण आमची घासणी स्टेनलेस. मग स्टील वूल टाकली. दोन दिवसांत पाणी करडं झालं. ब्रशने फळीवर एक पट्टा ओढला. आधी नुसता ओला. चहा गाळेपर्यंत राखाडी. कप रिकामा झाला तेव्हा निळसर काळा, पाटीसारखा. रेषा तेवढ्या उठून दिसत होत्या. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण फ्रेटची तार 'निकेल सिल्व्हर' असली तरी तिच्यात चांदी नावालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल. व्हिनेगर तांब्यावर हिरवट डाग पाडतं, आणि फ्रेटखालच्या खाचेत शिरलेलं आम्ल पुसणार कसं? शिवाय हा रंग मागे घेता येत नाही. फ्रेट बसवण्याआधी करणाऱ्याने खुशाल करावं. चामड्याच्या काळ्या रंगाबद्दलही माझं हेच मत. एका मित्राने लावला, त्याची बोटं महिनाभर कोळसेवाल्यासारखी होती.

शेवटी ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर, फ्रेटबोर्डसाठी मिळणारं गडद तपकिरी मेण घेतलं. छोटी डबी, पैशाच्या मानाने महागच. टूथब्रशने चोळायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुसायचं. मी एका दिवसाच्या अंतराने दोन हात दिले. वास कॉफीसारखा. दोन दिवस बोटांची टोकं तपकिरी होत होती, नंतर थांबलं. बोर्डाच्या कडेला पांढरी पट्टी असेल तर तिच्यावर आधी टेप लावा; माझ्या पट्टीवर नवव्या फ्रेटजवळ एक डाग आहे तो आहेच. मेपलचा बोर्ड असेल तर या कशाच्याच वाटेला जाऊ नका, त्यावर बहुधा लॅकर असतं, ओलसर फडकं पुरे.

आता फेब्रुवारी. रोज तासभर वाजवते. बाराव्या फ्रेटच्या पुढे रंग पहिल्या दिवसाइतका, जुन्या शिसवी पाटाच्या जवळ जाणारा. पाचव्या ते बाराव्यापर्यंत ठीक. पहिल्या तीन फ्रेटमध्ये मात्र बी आणि जी तारेखाली, जिथे सी आणि डी कॉर्डची बोटं पडतात, तिथे फिकट गोल उमटलेत. म्हणजे मे महिन्यात जे चित्र होतं त्याच्या बरोबर उलटं. डबी अजून पाऊण भरलेली आहे. पावसाच्या आधी, मे महिन्यात, तारा बदलताना फक्त त्या तीन फ्रेटना एक हात देणार. जवसाच्या तेलाचा डबा रंगाऱ्याला देऊन टाकला, आणि पॅराफिनची बाटली सध्या आईच्या शिलाई मशीनपाशी असते.